'माझ्या घरात', 'घरात-माझ्या' की 'आमच्याकडे'? फिनिश, हंगेरियन आणि मंगोल भाषांतला 'मी' आणि 'माझा'

अनुस्वार

मराठीतून या भाषा शिकणाऱ्यांसाठी एक तक्ता करतेय: फिनिश, हंगेरियन आणि खाल्खा मंगोल (उलानबातरची प्रमाण बोली) यांतला 'मी', 'मला', 'माझा', 'आमचा'. रूपं पुस्तकांतून मिळतात, ती कधी वापरायची हे मात्र धड मिळत नाही. अडलंय ते इथे:

१. 'माझ्या घरात' हे फिनिशमध्ये तालोस्सानि: तालो (घर) + स्सा (त) + नि (माझं). हंगेरियनमध्ये हाझॉमबॉन: हाझ (घर) + ऑम (माझं) + बॉन (त). दोन्ही भाषा युरालिक, म्हणजे एकाच भाषाघराण्यातल्या, मग क्रम उलटा का? आणि शिकणारे नेमके कुठे चुकतात?

२. 'माझं पुस्तक'साठी मंगोलमध्ये मिनी नोम, नोम मिन्य, नोमोऽ अशी तीन रूपं दिसतात. शिवाय 'माझी आई' म्हणायला सर्रास मानाइ एऽज, म्हणजे 'आमची आई'. कुठे काय?

३. फिनिश मिनॅ (मी), मंगोल मिनी (माझा), मराठी मी. हे एकमेकांचे नातेवाईक आहेत असं तक्त्याच्या तळटीपेत लिहावं का?

उच्चार देवनागरीत लिहिताना 'ॅ' हा 'बॅट'मधल्यासारखा आणि 'ऽ' म्हणजे आधीचा स्वर लांबवायचा, एवढं धरून चालू.

कानामात्रा

पहिल्याचं घेतो.

हंगेरियनच्या बहुतेक विभक्ती वयाने लहान आहेत. एके काळी ती सुटी शब्दयोगी अव्ययं होती, नंतर नामाला चिकटली. याचा लेखी पुरावा आहे. तिहान्यच्या मठाच्या १०५५ सालच्या लॅटिन सनदेत जमिनीच्या हद्दी सांगताना मधेच हंगेरियन शब्द येतात: फेहेरुवारु रेआ मेनेह होदु उतु रेआ, म्हणजे 'फेहेरवारला जाणाऱ्या लष्करी रस्त्यावर'. यातलं सुटं 'रेआ' म्हणजे आजचा 'वर, कडे' या अर्थाचा रॉ/रे प्रत्यय. तसंच बॉन/बेन ('त')चं मूळ 'आतला भाग' या अर्थाच्या नामात आहे. म्हणजे हाझॉमबॉनची जुनी रचना 'माझ्या घराच्या आत' अशी. 'घर-माझं' आधीच तयार होतं, 'आत' मागाहून येऊन जोडलं गेलं, म्हणून ते शेवटी.

फिनिशमध्ये विभक्ती जुन्या, नामाला आधीपासून घट्ट बसलेल्या. म्हणून स्वामित्वाचा 'नि' त्यांच्या बाहेर राहिला: तालोस्सानि (माझ्या घरात), तालोस्तानि (माझ्या घरातून), तालोइस्सानि (माझ्या घरांत).

एकाच भाषेत दोन्ही क्रम बघायचे असतील तर व्होल्गाकाठची मारी भाषा बघा. किद म्हणजे हात. 'माझ्या हातात' किदिश्तेम, इथे विभक्ती आधी आणि 'माझा' नंतर. 'माझ्या हाताला' किदेमलान, इथे उलट. तेव्हा तक्त्यात 'युरालिक भाषांचा क्रम' असं शीर्षक देऊ नका. क्रम भाषेचा असतो, कधी कधी त्या त्या विभक्तीचा असतो.

आता चुका. फिनिशमध्ये सगळ्यात मोठी अडचण अशी की तालोनि या एकाच रूपाचे तीन अर्थ होतात: 'माझं घर', 'माझ्या घराचं' आणि 'माझी घरं'. षष्ठीचा 'न' आणि अनेकवचनाचा 'त' हे दोन्ही 'नि'पुढे गळतात. अर्थ क्रियापदावरून आणि संदर्भावरून लावायचा. लोक तालोन-नि, तालोत-नि अशी रूपं बनवतात, ती भाषेत नाहीत.

दुसरी चूक व्यंजनबदलाची. कातु म्हणजे रस्ता, 'रस्त्याचा' कादुन. 'त'चा 'द' झाला, कारण पुढचं अक्षर बंद झालं, म्हणजे व्यंजनावर संपलं. हा नियम पाठ केलेला माणूस 'आमचा रस्ता' कादुम्मे करतो. बरोबर रूप कातुम्मे. स्वामित्वप्रत्ययापुढे बळकट व्यंजन (इथे 'त') तसंच राहतं, 'म्मे'मुळे अक्षर बंद दिसत असलं तरी. तसंच कॅसि (हात), षष्ठी कॅदेन, पण 'माझा हात' कॅतेनि. एकच नियम लक्षात ठेवा: षष्ठीचं अंग घ्या, व्यंजन मात्र बळकट ठेवा.

तिसरं, बोलीचं. बोलताना मिनुन तालोनि असं क्वचित ऐकू येतं. मुन तालो म्हणतात आणि प्रत्यय गाळतात. लिहिताना मात्र प्रत्यय हवा. सर्वनाम गाळलं तर चालतं, उलट जोर द्यायचा नसेल तर गाळावंच. शेजारच्या एस्टोनियनने हे प्रत्यय पार सोडून दिलेत: मिनु माया, म्हणजे 'माझं घर', संपलं. (माया म्हणजे घर. मराठी माणसाला पाठ करावं लागत नाही.)

हंगेरियनमध्ये अडचण नाम आणि 'म' यांना जोडणाऱ्या स्वराची. केर्त (बाग) केर्तेम, बॉरात (मित्र) बॉरातोम, हाझ हाझॉम. बॉरात आणि हाझ दोन्हींत मागचे स्वर (आ, ऑसारखे) आहेत, तरी एकाला ओम आणि दुसऱ्याला ऑम. हाझसारख्या नामांचा गट छोटा आहे, तो पाठच करावा लागतो. शोधायची सोपी खूण: त्याच नामाचं अनेकवचन बघा. हाझॉक तर हाझॉम, बॉरातोक तर बॉरातोम. शेवटी स्वर असेल तर तो लांबतो: कुत्यॉ (कुत्रा) कुत्याम. काही नामं आतूनच हलतात: मॉदार (पक्षी) मॉदॉरॉम, लो (घोडा) लोवॉम, बोकोर (झुडूप) बोक्रोम. शब्दकोशातून नाम घेताना त्याच्याशेजारीच 'माझं' रूप लिहून ठेवा, नंतर तर्काने बनवायला जाऊ नका.

रानजाई

कानामात्रांच्या सनदेच्या मुद्द्याला जोडून. त्याच कारणाने हंगेरियनमध्ये 'माझ्यात, माझ्यावर, माझ्याबरोबर' ही रूपं 'मी'ला विभक्ती लावून होत नाहीत. 'मी' म्हणजे एन. पण 'एनबेन' असा शब्द नाही. विभक्तीच पुढे येते आणि तिला 'म' लागतो: बेन्नेम (माझ्यात), वेलेम (माझ्याबरोबर), नेकेम (मला), नालॉम (माझ्याकडे), रोलॉम (माझ्याविषयी). 'आत' हे मूळचं नाम, त्यामुळे बेन्नेम म्हणजे जणू 'माझं आत'. तक्त्यात हे 'अपवाद' म्हणून कोपऱ्यात टाकू नका. हाझॉममधला 'म' आणि बेन्नेममधला 'म' एकच आहे हे दिसलं की सगळा रकाना एका दमात पाठ होतो. फक्त द्वितीया वेगळी: एंगेम.

आणि 'मला बाग आहे'? नेकेम वॉन एज केर्तेम. शब्दशः 'मला आहे एक बाग-माझी'. मराठी माणूस नेकेम बरोबर लावतो, कारण 'मला दोन भाऊ आहेत' ही सवय असते, पण शेवटचा 'एम' विसरतो. खरं तर गाळायचंच असेल तर नेकेम गाळा, वॉन एज केर्तेम अगदी बरोबर आहे. केर्तेममधला प्रत्यय गाळता येत नाही. नकारात निंच केर्तेम, इथेही तो राहतोच.

फिनिशमध्ये बरोबर उलट. मिनुल्ला ओन औतो, 'माझ्याकडे गाडी आहे'. इथे औतोनि नको.

पूर्वरंग

मंगोलचं लिहितो. थोडं लांबेल, कारण दुसऱ्या प्रश्नातच खरा मसाला आहे.

आधी 'मी'ची रूपं, कारण तिथेच पहिला अडथळा. प्रथमा बि. षष्ठी मिनी. चतुर्थी नादाद. द्वितीया नामाइग. पंचमी नादाऽस, तृतीया नादाऽर, 'सह'साठी नादताइ. म्हणजे तीन अंगं: बि, मिन-, ना-. 'बि'ला सरळ चतुर्थीचा 'द' लावून 'मला' म्हणायला गेलात तर बिद होईल, आणि बिद म्हणजे 'आम्ही'. ही चूक ऐकणाऱ्याला चूक वाटत नाही, वेगळाच अर्थ वाटतो, म्हणून तक्त्यात ठळक करा.

आता 'माझा'. मराठीत आपण एका 'माझा'वर निभावतो. मंगोलमध्ये आधी एक प्रश्न विचारायचा: वस्तूचा मालक हाच वाक्याचा कर्ता आहे का?

असेल, आणि ती वस्तू स्वतः कर्ता नसेल, तर नामाला लांब स्वर लावायचा, आऽ, एऽ, ओऽ किंवा त्यांचा चौथा भाऊ, नामाच्या स्वराला जुळेल तो. बि नोमोऽ उन्शसान, 'मी (माझं) पुस्तक वाचलं'. इथे मिनी नोम घातलं तर वाक्य परक्याचं वाटतं. हा प्रत्यय पुरुष बघत नाही. 'मी माझं घेतलं, तू तुझं घे' या दोन्ही ठिकाणी नोमोऽच. मराठीतल्या 'आपला'च्या अगदी जवळचा, फक्त आपण 'मी आपलं पुस्तक वाचलं' असं आता कमी म्हणतो आणि तिथे 'माझं' घुसवतो. मंगोलमध्ये ती मोकळीक नाही.

जोडताना काय होतं ते नीट बघा:

गेर (घर): बि गेरतेऽ बाइन, 'मी घरी आहे'. विभक्ती त, मग एऽ.
नोम: द्वितीयेचा प्रत्यय बहुधा गळतो, नुसतं नोमोऽ.
आख (थोरला भाऊ): 'माझ्या भावाबरोबर' आखताइगाऽ. ताइ हा जोडस्वराने संपतो म्हणून मधे 'ग' आला.
षष्ठीनंतर मधे 'ख' येतो: बि आखिनखाऽ गेर्त बाइन, 'मी माझ्या भावाच्या घरी आहे'.

शेवटचं उदाहरण दोनदा वाचा. भाऊ माझा, म्हणून आऽ भावाला लागला. घर भावाचं, म्हणून गेर्तला काही नाही. शिकणारे हमखास गेरतेऽ करतात आणि मग ते घर बोलणाऱ्याचं होतं.

हा प्रत्यय कर्त्याला कधीच लागत नाही. 'माझं पुस्तक इथे आहे' यात पुस्तकच कर्ता, तेव्हा मिनी नोम किंवा नोम मिन्य.

या दोघांत फरक असा. मिनी नोम ओळख पटवायला, वेगळेपणा दाखवायला: 'हे माझं, ते तुझं'. नुसतं 'माझं' म्हणायचं तर मिनीख. नोम मिन्यमध्ये जोर पुस्तकावर, 'माझं' हे मागून हळूच जोडलेलं. हाक मारताना मात्र मिन्यच: एऽज मिन्य ('आई गं' या मायेने), खूऽ मिन्य ('बाळा'). पत्रात, गाण्यात, भाषणात तो भरभरून येतो. लिहिताना सुटा लिहायचा, विभक्तीच्या नंतर, आणि त्याचा स्वर नामाप्रमाणे बदलत नाही.

आता मानाइ. 'आमचा' हा शब्दकोशातला अर्थ, पण व्यवहारात घर, कुटुंब, शाळा, ऑफिस, देश यांसाठी 'माझा'च्या जागी मानाइ येतो. मानाइ एऽज, मानाइ गेर, बायकोसुद्धा मानाइ एखनेर. यात कुणाला काही खटकत नाही. मराठी माणसाला तर नाहीच खटकायचं. 'आमची आई', 'आमचे हे', 'आमच्याकडे गणपती दीड दिवसाचा' हे आपण एकट्यानेच बोलत असतो. मानाइखला 'आमचं घर, आमच्याकडची मंडळी' असा अर्थ आहे, आणि मानाइद इरेऽरेइ म्हणजे 'आमच्याकडे या'. उलट पेन, फोन, नाव अशा खास एकट्याच्या गोष्टींना मानाइ नको, तिथे मिनी.

'आम्हा लोकांचा' असं माणसांवर बोट ठेवून म्हणायचं असेल तर बिदनी. नामानंतर येणारं माऽन्य हे मिन्यचं अनेकवचनी भावंड, पण एऽज माऽन्य बोलणारा एकटाही असू शकतो.

दुखण्याच्या बाबतीत 'माझं' लागतच नाही. डोकं दुखतं तर तोल्गोइ (डोकं) आणि दुखण्याचं क्रियापद, बस. आपण 'डोकं दुखतंय' म्हणतो तसंच.

नावाचं वाक्यही मराठीला सोयीचं: नामाइग बात गेदेग, 'मला बात म्हणतात'. 'मला'साठी इथे द्वितीया आहे, नादाद नाही, एवढंच सांभाळा.

अनुस्वार

फार उपयोगी. पूर्वरंग, 'माझ्याकडे आहे' मंगोलमध्ये कसं? आणि मराठीतला 'आम्ही' आणि 'आपण' असा फरक यांपैकी कुठे आहे का? त्यासाठी रकाना ठेवू की नको?

पूर्वरंग

दोन रचना आहेत. आत्ता जवळ आहे, हाताशी आहे असं असेल तर नादाद नोम बाइन, 'माझ्याकडे पुस्तक आहे'. 'मला वेळ नाही' हेही नादादनेच. कायमची मालकी किंवा नातं असेल तर ताइ: बि माशिनताइ, 'मी गाडीवाला (आहे)'. बि खोयोर आखताइ, 'मला दोन थोरले भाऊ आहेत'. 'मला भाऊ आहेत' या मराठी सवयीने लोक इथे नादाद घालतात. भावाबहिणींसाठी ताइच ठेवा.

'आपण'चं: जुन्या मंगोलमध्ये फरक होता. बा म्हणजे 'आम्ही' (ऐकणारा वगळून), बिदा म्हणजे 'आपण'. खाल्खामध्ये बा गेला आणि बिदनेच दोन्ही कामं उचलली. पण बाचं षष्ठी रूप शिल्लक राहिलं, तेच हे मानाइ. म्हणजे मानाइ हे मुळात 'आमचं', 'आपलं' नव्हे. 'तुम्ही पाहुणे, हे आमचं घर' ही आजची छटा तिथूनच आलेली. ईशान्य चीनमधल्या दागुर भाषेत, जी याच घराण्यातली आहे, हे दोन शब्द अजून वेगळे आहेत. फिनिश आणि हंगेरियनमध्ये असा फरक नाही, तेव्हा रकाना फक्त मंगोलपुरता ठेवा.

कानामात्रा

युरालिकमध्ये 'आपण' नाही, पण 'आम्ही दोघं' आहे. उत्तर सामीमध्ये मोन म्हणजे मी, मोआइ म्हणजे आम्ही दोघं, मी (ई दीर्घ) म्हणजे आम्ही तिघं किंवा जास्त. सायबेरियातल्या नेनेत्समध्ये द्विवचन स्वामित्वातही येतं: मालक एक, दोन, अनेक, वस्तू एक, दोन, अनेक, पुरुष तीन. नुसत्या प्रथमेचेच २७ कप्पे होतात. मोर्दोव्हियातल्या एर्झ्यात वस्तूचं वचन 'माझा' या प्रत्ययावरच दिसतं: कुदोम 'माझं घर', कुदोन 'माझी घरं'. फिनिशच्या तालोनिने हाच भेद गमावलाय, म्हणून तो घोळ.

आणि मानाइसारखं फिनिशमध्येही आहे. मेइदॅन इसॅ, 'आमचे वडील', मेइदॅन तालो, 'आमचं घर'. कुटुंब, गाव अशा गोतावळ्याबद्दल असेल तर 'म्मे' न लावता हे प्रमाण भाषेतही चालतं. बाकी ठिकाणी लिखाणात प्रत्यय लागतो.

टिपकागद

तिसरा प्रश्न राहिलाच. तळटीपेत 'नातेवाईक' लिहू नका, कारण तिन्ही 'म' वेगवेगळ्या वाटांनी आलेत.

फिनिश मिनॅचा 'म' मूळचा आहे. बाकी युरालिक भाषा बघा: एर्झ्यात मोन, उदमुर्तमध्ये मोन, कोमीत मे, सामीत मोन, नेनेत्समध्येही 'म'च. मूळ युरालिकमध्ये तो प्रथमेत होता असं सगळे मानतात.

मंगोलचा मूळ 'ब' आहे: बि. मिनीमध्ये पुढच्या 'न'मुळे 'ब' नाकात गेला आणि 'म' झाला, हे नेहमीचं स्पष्टीकरण. तुर्की घराण्यातही असंच: तुर्की बेन, कझाक मेन. म्हणजे जी जोडी डोळ्यांना सारखी दिसते तिच्यातला 'म' एका बाजूला दुय्यम आहे.

आणि मराठी 'मी'? संस्कृतची प्रथमा अहम्, तिच्यात सुरुवातीला 'म' कुठे आहे? आपला 'मी' तृतीयेच्या 'मया'वरून प्राकृतातून आला आणि प्रथमेच्या जागी बसला. 'माझा' हा 'मह्यम्', प्राकृत 'मज्झ' यावरून. तेव्हा मी आणि मिनॅ शेजारी ठेवले की साम्य दिसतं, अहम् आणि मिनॅ ठेवले की दिसत नाही.

'मी'ला म आणि 'तू'ला त ही जोडी मात्र उत्तर युरेशियाच्या बऱ्याच घराण्यांत आढळते. ती का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. तक्त्यात एवढंच लिहा.

या प्रश्नाला जुना इतिहासही आहे. फिनिश भाषापंडित मातियास आलेक्सांतेरि कास्त्रेन (१८१३ ते १८५२) सायबेरियात हिंडून आल्यावर १८५० साली त्यांनी लॅटिनमध्ये प्रबंध लिहिला, तो याच विषयावर, पुरुषवाचक प्रत्ययांवर. युरालिक, तुर्की, मंगोल, तुंगुसिक सगळे एकत्र घेऊन. पुढच्याच वर्षी ते हेलसिंकीत फिनिश भाषेचे पहिले प्राध्यापक झाले. आज 'उराल-अल्ताई' हे एकच घराणं असं कुणी सहसा मानत नाही, पण प्रत्ययांपासून सुरुवात करायची त्यांची रीत पक्की होती: सुटे शब्द उसने येतात, प्रत्ययांचा साचा सहजी येत नाही.

त्या साच्यातच दोन घराण्यांचा फरक दिसतो. हाझॉममधला 'म' मूळ युरालिकपासून चिकटलेला प्रत्यय आहे. मंगोलचा मिन्य हे मिनीचंच झिजलेलं, नामामागे गेलेलं रूप. तेराव्या शतकातल्या मंगोल भाषेत 'मिनु' असा पूर्ण शब्द नामानंतर येताना दिसतो. म्हणजे तिथे प्रत्यय व्हायचं काम अजून चालू आहे. खाल्खाने तो सुटा ठेवलाय, बुर्यात या मंगोल घराण्यातल्याच भाषेने जोडून टाकलाय: आखामनि 'माझा भाऊ', नोमनि 'माझं पुस्तक'. त्याच घराण्यातल्या काल्मिकमध्ये तर नुसता 'म' उरलाय, गेरम 'माझं घर', आणि तो हंगेरियन केर्तेमशेजारी ठेवला तर कुणीही फसेल.

क्रियापदाचा रकाना करणार असाल तर तिथेही हेच. खाल्खात 'मी जातो, तू जातोस' दोन्हींना याव्ना, पुरुष दिसतच नाही, त्यामुळे बि गाळला तर कोण जातंय ते संदर्भावरूनच कळतं. बुर्यातमध्ये 'मी जातो' याबानाब, शेवटचा 'ब' म्हणजे बि मागे जाऊन चिकटलेला. 'आम्ही जातो' याबानाबदि. फिनिश मेनेन (मी जातो) मधला शेवटचा 'न' जुन्या 'म'पासून आलाय, आणि त्यामुळे मिनॅ न लिहिताही वाक्य पुरं होतं. तक्त्यात प्रत्येक भाषेसमोर 'सर्वनाम गाळता येतं का' असा एक छोटा रकाना घाला: फिनिश आणि हंगेरियनला 'हो', खाल्खाला 'संदर्भ स्पष्ट असेल तर', बुर्यातला 'हो'.